परक्या मैदानाची वाट

माझा एक जुना विद्यार्थी हल्लीं नोकरीच्या निमित्तानें मँचेस्टर येथें राहतो. त्याचें पत्र मधूनमधून येतें, आणि प्रत्येक पत्रांत इतिहासाच्या अध्यापकास बोलतें करण्यापुरती एखादी शंका असतेच. गेल्या खेपेची शंका अशी होती : "सर, पुढच्या महिन्यांत एक शनिवार मोकळा मिळणार आहे. इंग्लंडांत राहून फुटबॉलचा सामना न पाहणें म्हणजे काशीस जाऊन गंगा न पाहण्यासारखें आहे. तर कोणत्या मैदानावर जाऊं ?" मी एखाद्या प्रचंड क्रीडांगणाचें नांव सांगेन अशी त्याची अपेक्षा असावी. मँचेस्टरांत तशीं दोन आहेत, आणि तीं आपल्याकडील शाळकरी मुलांसही तोंडपाठ असतात. मीं त्यास उलट टपालीं कळविलें कीं, शेफील्ड शहराच्या पश्चिमेस क्रॉसपूल म्हणून एक चढावरचें उपनगर आहे, तेथें सँडीगेट नांवाचें लहानसें मैदान आहे, तें पाहा. आणि जावयाचें तर हॅलम या तेथील संघाचा चाहता म्हणून न जातां, त्या दिवशीं बाहेरगांवाहून जो संघ येणार असेल त्याच्या मंडळींत मिसळून जा.

त्यास हा उतारवयांतला विक्षिप्तपणा वाटला असल्यास नवल नाहीं. हॅलमचा संघ ज्या पायरीवर खेळतो तेथें प्रेक्षक शेंकड्यांनीं मोजतात, लाखांनीं नव्हे; खेळाडू आठवडाभर दुसरा पोटापाण्याचा उद्योग करून शनिवारीं बूट चढवितात; आणि चहाच्या खिडकीवर पगारी नोकर नसून संघावर जीव असलेलें कोणीतरी उभें असतें. इंग्रज लोक अशा संघांस "लीगबाहेरचे" म्हणतात. १८८८ सालीं बारा संघांनीं मिळून फुटबॉल लीग स्थापिली. तिच्या बाहेर राहिले ते लीगबाहेरचे. पुढें १९९२ सालीं त्या लीगमधील वरचे संघ फुटून निघाले, बाहेरच्यांच्याही पायऱ्यापायऱ्यांच्या लीगा झाल्या, तरी नांव तेंच राहिलें. एखाद्या गृहस्थाची ओळख तो कोण नाहीं एवढेंच सांगून करून द्यावी, तसा हा प्रकार आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास आंतले कोण आणि बाहेरचे कोण हा हिशेब उलटा मांडावा लागतो. एका क्लबानें दुसऱ्या क्लबाच्या घरीं जाऊन खेळण्याची जी चाल पुढें जगभर पसरली, तिचा आरंभ ज्या मैदानावर झाला तें या बाहेरच्यांकडेच आहे.

फुटबॉल इंग्लंडांत किती जुना, हा वाद मी येथें उकरून काढीत नाहीं. चेंडू पायानें लाथाडण्यास मनुष्यास कोणाच्या परवानगीची गरज कधींच नव्हती. सणाच्या दिवशीं एकाच गांवाचे दोन भाग रस्त्यारस्त्यांतून चेंडूसाठीं झोंबत. श्रीमंतांच्या मोठमोठ्या शाळांतून प्रत्येकीचा खेळ निराळा आणि नियमही निराळे असत. या साऱ्यांत समान गोष्ट एकच, ती ही कीं, खेळणारे सर्व एकाच घरचे होते. गांव आपल्याशींच खेळे, शाळा आपल्याशींच खेळे. २४ ऑक्टोबर १८५७ रोजीं नॅथॅनियल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट यांनीं शेफील्ड फुटबॉल क्लब स्थापन केला, त्याचीही प्रथम तीच गत झाली. क्रेसविक वकील, प्रेस्ट मद्याचा व्यापारी, आणि सभासद बहुतेक सुस्थित घरांतले. क्लब झाला, १८५८ सालीं नियमही झाले. पण खेळावें कोणाशीं? तेव्हां विवाहितांचा संघ विरुद्ध अविवाहितांचा, पेशेवाल्यांचा विरुद्ध इतरांचा, अशा जोड्या लावून हे गृहस्थ आपापसांत खेळत. जिंकणारा आणि हरणारा रात्रीं एकाच टेबलाशीं जेवावयास बसणार असले म्हणजे नियमांचा कस लागत नाहीं. वाद पडलाच तर तो घरच्या घरीं मिटतो.

दुसरा संघ निघाला तो १८६० च्या सप्टेंबरांत. सँडीगेट येथें १८०४ पासून क्रिकेट खेळलें जात होतें. त्या क्रिकेटवाल्या मंडळींतूनच जॉन चार्ल्स शॉ यांच्या पुढाकारानें हॅलमचा फुटबॉल क्लब उभा राहिला. आणि त्याच वर्षीं नाताळच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे २६ डिसेंबर १८६० रोजीं, शेफील्डचे गडी चढ चढून सँडीगेटला गेले. दोन निरनिराळ्या क्लबांतला पहिला सामना म्हणून फुटबॉलचा इतिहास ज्याची नोंद करतो तो हा. जमिनीवर बर्फ होतें. शेफील्डकरांचा पोषाख लाल-पांढरा, हॅलमकरांचा निळा. त्या शुभ्र भुईवर हे रंग मोठे खुलून दिसले असें तेथील वृत्तपत्राच्या बातमीदारानें लिहून ठेवलें आहे. पाहुण्यांनीं दोन गोल केले, यजमानांस एकही करतां आला नाहीं. कोणास मोठी दुखापत न होतां सर्व कांहीं सलोख्यानें पार पडलें, हेंही त्यानें आवर्जून नमूद केलें. पहिल्याच सामन्याच्या बातमींत ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटली, यावरून उलट घडण्याची धास्ती अनेकांच्या मनांत होती, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

अंतर म्हणाल तर दीडएक कोसाचें. पण शेफील्डकरांनीं त्या दिवशीं ओलांडला तो एक उंबरठा होता. परक्याच्या मैदानावर पाऊल टाकतांच, घरीं कधींच न पडलेले प्रश्न एकामागून एक उभे राहतात. गडी किती असावे ? त्या काळीं अकरा हा आंकडा ठरलेला नव्हता, त्याहून कितीतरी अधिक गडी उतरत. किती वेळ खेळावें ? चेंडू हातानें झेललेला चालेल काय ? शेफील्डच्या पहिल्या नियमांप्रमाणें चेंडू नीट झेलणारास मोकळी लाथ मारण्याचा हक्क मिळे. प्रतिपक्षास हातानें ढकलण्यास मुभा असे, मात्र त्याच्या नडगीवर लाथ मारणें किंवा त्यास पाय घालून पाडणें मना होतें. घरांत हे नियम सर्वांस ठाऊक होते. पाहुण्यानें ते यजमानास समजावून सांगावयाचे, कीं यजमानाचे मुकाट्यानें पाळावयाचे ? क्लबाच्या चिटणिसास आतां पत्रें लिहावीं लागलीं. तारीख, वेळ, गड्यांची संख्या आणि नियम कोणते, एवढा मजकूर त्यांत असे. जगांतील सर्वांत लोकप्रिय खेळाची घटना या पत्रांतून घडली, असें म्हटलें तर त्यांत फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

याचा पुरावा शेफील्ड आणि लंडन यांच्या व्यवहारांत स्पष्ट दिसतो. लंडनांत १८६३ सालीं फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि तिनें आपले निराळे नियम केले. ३१ मार्च १८६६ रोजीं शेफील्डचा संघ आगगाडीनें लंडनला जाऊन बॅटरसी पार्कमध्यें खेळला. तेथें शेफील्डचे गडी चेंडूस डोक्यानें टोला देऊं लागले तेव्हां लंडनकरांस हसूं आंवरेना, अशी कथा सांगतात. पुढें १८७१ पासून दोन्ही शहरांचे सामने नेमानें होऊं लागले, तेव्हां ज्याचें मैदान त्याचे नियम अशी रीत पडली. शेफील्डास आलां तर शेफील्डच्या कायद्यानें खेळा, लंडनास गेलां तर लंडनच्या. पाहुण्यानें यजमानाच्या घरची रीत पाळावी, या जुन्या शिष्टाचाराचाच हा अवतार होता. पण अशा येण्याजाण्यांत एकमेकांच्या रीतींतलें बरें काय तें दोघांसही कळूं लागलें. कोपऱ्यावरून चेंडू मारण्याची शेफील्डची पद्धत लंडननें १८७२ सालीं उचलली. १८७७ सालीं शेफील्डनें आपले वेगळे नियम सोडून दिले. कोणी कोणावर स्वारी करून कायदा लादला नाहीं. पाहुणचार करतां करतां तो एक झाला.

मात्र हा सारा गोडीगुलाबीचा मामला होता असें चित्र मी रंगवूं इच्छीत नाहीं. हेच दोन संघ, शेफील्ड आणि हॅलम, २९ डिसेंबर १८६२ रोजीं ब्रॅमॉल लेन या क्रिकेटच्या मैदानावर भेटले, तेव्हां चांगलीच हातघाई झाली. चेंडूसाठीं धांवतांना हॅलमचा वॉटरफॉल नांवाचा गडी आणि खुद्द क्रेसविक यांची टक्कर झाली. वॉटरफॉलनें जाकीट काढून फेंकलें आणि तो मुष्टियुद्धास सज्ज झाला. प्रेक्षकही आंत घुसले. आधीं आगळीक कोणाची, याविषयीं दोन्ही पक्षांच्या हकीकती जुळत नाहींत, आणि आज तो निकाल देण्याचा अधिकार कोणासही नाहीं. सामन्यांत गोल एकही झाला नाहीं. परंतु आम्हां महाराष्ट्रीयांस या सामन्याची ओळख पटावी असें एक निराळेंच कारण आहे. तो सामना लँकेशायरांतील उपाशी गिरणीकामगारांच्या मदतीसाठीं भरविलेला होता. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तेथील कापूस यावयाचा बंद झाला, गिरण्या थंड पडल्या, आणि लँकेशायरांत घरोघर चुली विझल्या. त्याच कारणानें त्याच महिन्यांत मुंबईच्या बाजारांत कापसास सोन्याचा भाव येऊं लागला होता. गुजराथ, खानदेश, वऱ्हाड येथील कापूस बंदरावर लोटत होता, आणि त्या पैशाच्या धुंदींतूनच पुढें शेअरांचें वेड व १८६५ चें दिवाळें हीं उद्भवलीं. मुंबईची संपत्ति कोठून आली हा भाग शिकवितांना मी विद्यार्थ्यांस या सामन्याची गोष्ट सांगत आलों आहें. एका ठिकाणचें भाग्य आणि दुसऱ्या ठिकाणची भूक एकाच गाडीनें येतात, हें आंकड्यांच्या कोष्टकापेक्षां वॉटरफॉलच्या जाकिटामुळें त्यांच्या अधिक लक्षांत राहतें.

असो. येथवर खेळणारांचा विचार झाला. पाहणारेही प्रवासास निघाले, त्याचें श्रेय दोन गोष्टींस आहे. एक शनिवार दुपार आणि दुसरी आगगाडी. १८५० च्या फॅक्टरी कायद्यानें कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचें शनिवारचें काम दुपारीं दोन वाजतां थांबविलें. तीं घरीं गेल्यावर केवळ पुरुषांसाठीं गिरणी चालू ठेवणें मालकांस सोयीचें नव्हतें. म्हणून पुरुषांसही ती सुटी मिळत गेली, आणि पुढल्या पंचवीसतीस वर्षांत ती इतर धंद्यांतूनही पसरली. शेफील्डचे चाकू-कात्र्या करणारे कारागीर आपआपल्या लहान कारखान्यांतून काम करीत व त्यांची जुनी सुटी सोमवारची असे. रविवारच्या मद्यपानानंतरच्या या सुटीस ते विनोदानें "संत सोमवार" म्हणत. हा संत हळूहळू अंतर्धान पावला आणि त्याच्या जागीं शनिवारची स्थापना झाली. इंग्रजी फुटबॉलचा सामना दुपारीं तीन वाजतां सुरू होतो, यांत कोणा शहाण्याचा संकेत नाहीं. भोंगा वाजला, माणूस घरीं आला, हातपाय धुऊन चार घास खाल्ले आणि चालत मैदानावर पोंचला, तर तीन वाजतात. हिंवाळ्यांत अंधार लौकर पडतो म्हणून तेव्हां सामना आणखी आधीं सुरू करीत. ब्रॅमॉल लेनवर १४ ऑक्टोबर १८७८ रोजीं विजेच्या दिव्यांनीं सामना खेळविण्याचा प्रयोग झाला आणि तो पाहण्यास वीस हजारांच्या आसपास लोक लोटले. पण दिव्यांचा प्रघात पडावयास पुढें जवळजवळ पाऊणशें वर्षें जावीं लागलीं.

तीन वाजतां परगांवीं पोंचावयाचें तर आगगाडीवांचून गत्यंतर नव्हतें. स्वस्त दराच्या खास गाड्या सहलींसाठीं आधींपासून निघतच होत्या; फुटबॉलनें त्या भरून काढल्या. १८८३ सालीं ब्लॅकबर्न ऑलिंपिक या लँकेशायरच्या संघानें लंडनांत ओव्हलवर ओल्ड इटोनियन्स या कुलीनांच्या संघास एकाविरुद्ध दोन गोलांनीं हरवून असोसिएशनचा चषक उत्तरेस नेला. विजेत्यांत गिरणींत राबणारे गडी होते, जितांत इटनच्या शाळेंत शिकलेले. पुढल्याच वर्षीं ब्लॅकबर्नच्याच दुसऱ्या संघाबरोबर जे लोक लंडनास आले त्यांच्या कपड्यांची, बोलीची आणि आरडाओरड्याची लंडनच्या एका सायंदैनिकानें अशी टवाळी केली कीं जणूं रानटी टोळीच राजधानींत घुसली होती. परगांवाहून आलेल्या चाहत्याचें वृत्तपत्रीं वर्णन करण्याचा हा नमुना पुढें शंभर वर्षें टिकला, आणि त्याची किंमत काय द्यावी लागली तें खालीं येईलच.

येण्याजाण्यास नियमितपणा आणला तो लीगनें. तोंवर सामने पत्रापत्रीनें ठरत आणि ऐन वेळीं मोडत; अधिक पैसा देणारा दुसरा यजमान भेटला म्हणजे पाहुणे यावयाचेच नाहींत. बर्मिंगहॅमांतील कापडाचे व्यापारी विल्यम मॅक्ग्रेगर हे अ‍ॅस्टन व्हिला क्लबाचे एक चालक होते. त्यांनीं बारा संघ एकत्र करून असें ठरविलें कीं, प्रत्येकानें प्रत्येकाशीं एकदां आपल्या घरीं आणि एकदां त्याच्या घरीं खेळावें, आणि तारखा आधींच छापून काढाव्या. एकाच घरीं दोनदां खेळलें तर हिशेब पुरा होत नाहीं, हें तत्त्व त्या कोष्टकांतून सर्वांच्या अंगवळणीं पडलें. आज इंग्लंडांत अगदीं तळच्या पायरीवरील लीगही याच तत्त्वावर चालते. लीगबाहेरच्यांचेंही वैभव कांहीं थोडें नव्हतें. १९५१ सालीं हौशी संघांच्या चषकाच्या अंतिम सामन्यास, पेगॅसस आणि बिशप ऑकलंड यांच्या लढतीस, वेंब्लीवर एक लाख प्रेक्षक जमले होते. १९७४ सालीं हौशी आणि धंदेवाईक हा भेदच कायद्यानें मिटला आणि तो चषकही बंद झाला.

आतां त्या दुसऱ्या मैदानाकडे वळतों, जें सँडीगेटपासून दोन कोसांच्या आंतच आहे. १९६० नंतरच्या दोन दशकांत परगांवच्या सामन्यास जाणारा चाहता हा पुष्कळ ठिकाणीं दंगलखोर बनला, ही गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं. गाड्यांची मोडतोड झाली, गांवचे बाजार शनिवारीं दुपारीं बंद होऊं लागले. १९८५ सालीं ब्रुसेल्समधील हायझेल येथें लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या हल्ल्यामुळें चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसें मेलीं, त्यांत बहुतेक इटालियन होतीं. यावर जो उपाय योजण्यांत आला तो कुंपणाचा. पाहुण्यांस वेगळ्या दारानें आंत घ्यावयाचें, वेगळ्या पायऱ्यांवर उभें करावयाचें, आणि त्या पायऱ्यांचे लोखंडी जाळ्यांनीं तुकडे पाडावयाचे. या तुकड्यांस इंग्रजींत जो शब्द रूढ झाला तो गुरांच्या कोंडवाड्याचाच होता.

१५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा चषकाचा उपांत्य सामना होता. मैदान तिसऱ्याचें, अर्थात् दोन्ही संघ तेथें पाहुणेच. लिव्हरपूलच्या लोकांस लेपिंग्ज लेनची बाजू मिळाली. दारांची संख्या अपुरी, बाहेर दाटी वाढत गेली. तीनला आठ मिनिटें कमी असतां पोलिसांच्या हुकुमानें बाहेर पडण्याचें एक मोठें दार उघडण्यांत आलें, आणि लोंढा समोरच्या बोगद्यांतून मधल्या दोन कोंडवाड्यांत शिरला. ते आधींच भरले होते. बाजूच्या कोंडवाड्यांत जागा होती, पण तिकडे कोणी वळविलें नाहीं. तीन वाजून सहा मिनिटांनीं पंचानें खेळ थांबविला. समोर जाळी, मागें लोंढा. माणसें उभ्या उभ्या गुदमरून मेलीं. त्या दिवसाच्या बळींची संख्या आज ९७ मोजतात. त्यांतला सत्याण्णवावा मनुष्य २०२१ सालीं, बत्तीस वर्षें पंगु अवस्थेंत काढून वारला. सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता.

आणि दोष कोणास लावण्यांत आला ? चाहत्यांनींच दार फोडलें, असें पोलीस अधिकाऱ्यानें तत्क्षणीं सांगितलें; तें साफ खोटें होतें. वृत्तपत्रांनीं याहून किळसवाणे आरोप छापले. त्याच वर्षीं ऑगस्टांत न्यायमूर्ति टेलर यांनीं मुख्य कारण पोलिसांच्या नियंत्रणाचें अपयश हेंच ठरविलें, तरी लोकांच्या मनांतून तो कलंक जाईना. मृतांच्या आप्तांनीं तेवीस वर्षें झगडून २०१२ सालीं सारीं कागदपत्रें उजेडांत आणविलीं, आणि १९८९ नंतर सत्तावीस वर्षांनीं, २०१६ च्या एप्रिलांत, पंचांनीं निर्णय दिला कीं हे मृत्यु बेकायदा मनुष्यवध होत आणि चाहत्यांच्या वर्तनाचा त्यांत कांहींही अपराध नव्हता. १८८४ सालीं लंडनच्या दैनिकानें जी रानटी टोळी पाहिली, तीच शंभर वर्षांनंतर पोलिसांनीं दुर्बिणींतून पाहिली, असें मला वाटतें. जाळ्या या लोखंडाच्या होण्यापूर्वीं मनांत उभ्या राहिल्या होत्या.

जाळ्या निघाल्या, मोठीं मैदानें बैठकींचीं, स्वच्छ आणि सुरक्षित झालीं. तरी तेथें पाहुणा आजही वेगळ्या दारानें जातो, ठराविक संख्येनें जातो आणि पोलिसांच्या रांगेंतून परततो. त्याजकडून तिकिटाचे तीस पौंडांहून अधिक घेऊं नयेत, एवढा ठराव करण्यासाठींही प्रीमियर लीगच्या संघांस २०१६ साल उजाडावें लागलें. लीगबाहेरच्या लहान मैदानावर मात्र सहसा असलें कांहीं नसतें. दार एकच, पाहुणे आणि यजमान एकाच कठड्यास टेकून उभे राहतात, आणि मध्यंतरास दोन्हीकडचे लोक आपला संघ ज्या गोलावर चढाई करणार त्या टोंकास चालत जातात व वाटेंत एकमेकांस ओलांडून जातात. कायदाही येथें नरम पडतो. १९८५ च्या कायद्यानें वरच्या पांच पायऱ्यांवरील सामन्यांत मैदान दिसेल अशा जागीं मद्य घेऊन बसणें मना आहे. त्याखालीं ती मनाई नाहीं. लहान मैदानावरचा माणूस पेला हातांत घेऊनही सभ्य राहूं शकतो, हें सरकारास मान्य आहे. मोठ्यावरचा राहणार नाहीं, अशी त्याची खात्री असावी.

या कहाणींत आणखी एक विरोधाभास आहे. १८६० सालीं पाहुणे म्हणून गेलेला शेफील्ड क्लब जगांतला सर्वांत जुना फुटबॉल क्लब म्हणून मान्यता पावला. २००४ सालीं त्यास जागतिक संघटनेनें बहुमान दिला. पण त्याच्या नशिबीं पाहुणेपण कायमचें आलें. कधीं या मैदानांत, कधीं त्या मैदानांत असा तो बिऱ्हाडें बदलीत राहिला, आणि २००१ सालीं शहर सोडून शेजारच्या डर्बीशायर परगण्यांत ड्रॉनफील्ड येथें स्थिरावला. २०११ सालीं त्यानें आपल्या मूळ नियमांचीं हस्तलिखितें लिलावांत विकलीं. तीं ८,८१,२५० पौंडांस गेलीं. घराच्या आशेनें घराण्याचे कागद विकावे, तशी ही गोष्ट. हॅलमकडे मात्र मैदान आहे आणि १८६७ सालीं जिंकलेला यूडन चषकही आहे. फुटबॉलच्या इतिहासांतील ती पहिली स्पर्धा. चषक मध्यंतरीं हरवला होता, तो १९९७ सालीं क्लबानें विकत घेऊन परत मिळविला.

माझ्या विद्यार्थ्यास मीं जो प्रवासाचा आराखडा पाठविला तो येथें देतों. आणखी कोणास उपयोगीं पडल्यास पडो. आधीं सामन्यांचें कोष्टक पाहून हॅलमचा सामना सँडीगेटवरच आहे याची खात्री करून घ्यावी. परगांवीं असला तर सारें मुसळ केरांत. त्या दिवशीं सकाळीं पुन्हां चौकशी करावी, कारण पाऊस फार झाला तर मैदान खेळण्याजोगें नाहीं असें पंच दुपारपूर्वींही ठरवूं शकतो. मँचेस्टरहून अकराच्या सुमारास निघावें. गाडी होप व्हॅलींतून पेनाइन डोंगर ओलांडून तासाभरांत शेफील्डास पोंचते. वाटेंत टॉटलीचा साडेतीन मैलांचा बोगदा लागतो, तेथें पुस्तक मिटून ठेवावें. स्टेशन शहराच्या खोलगटांत आहे. क्रॉसपूलकडे मोटारबस जाते, पण पाय धड असतील तर चालत जावें. चढ दमविणारा आहे, आणि बर्फांतून तोच चढून जाऊन दोन गोल करणें ही काय गोष्ट होती तें चालल्यावांचून कळणार नाहीं. मोजे लोकरी असावे. अडीचपूर्वीं पोंचलास तर चहा घे आणि मैदानाचा उतार नीट पाहून ठेव; तो नजरेंत भरण्याइतका आहे, आणि पहिल्या अर्धांत कोणता संघ उतारावरून खेळतो यावर पुष्कळ अवलंबून असतें.

त्याचें उत्तर आलें आहे. तो जाणार आहे, आणि एकच विचारतो कीं, "सर, बाहेरून आलेल्यांत मी तर कोणासच ओळखत नाहीं, त्यांच्यांत जाऊन उभा कसा राहूं ?" मीं लिहिलें आहे कीं त्याची चिंता नको, ते आज सकाळीं कोठून निघाले, किती वाजतां निघाले आणि कशानें आले, एवढें विचार, म्हणजे बाकीचें तेच बोलतील. आणि काय सांगितलें तें मला सविस्तर कळव.